बावन्नला शंका आहे

बाई गेल्याचं अल्ताफनं मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी फौंड्रीत एका कास्टिंगचं माप घेत होतो. व्हर्नियर हातात तसाच राहिला. "सकाळी आंघोळ करून बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि झालं," अल्ताफ म्हणाला. मी म्हणालो, "अरे, परवा तर येऊन गेल्या माझ्याकडं." परवा म्हणजे बरोबर बावीस दिवसांपूर्वी. मला दिवस मोजायची सवय आहे, आणि ती लावण्यात बाईंचा हात मोठा. खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला रडू आलं नाही, चिडच आली. छत्तीस वर्षं ही बाई नको तेव्हा दारात येऊन उभी राहिली. हाकलून गेली नाही, भांडून गेली नाही. आणि आता मला त्यांना एक उत्तर दुरुस्त करून सांगायचं होतं, तर या न सांगता निघून गेल्या...

मगदूमबाईंची आणि माझी ओळख मी पाचवीत असताना झाली. शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेत एका कॉलेजातले प्राध्यापक आले आणि पाचवीच्या दोन्ही तुकड्यांना पटांगणात उभं केलं. आम्ही एकशे अठरा होतो. ज्या क्रमानं रांगेत उभे होतो त्या क्रमानं नंबर मिळाले. अल्ताफ माझ्या पुढं होता म्हणून तो एकावन्न, मी बावन्न. प्राध्यापकांबरोबर सव्वीस वर्षांच्या, दोन वेण्यांच्या बाई होत्या. उंची, वजन, दात, तोंड पुरतं उघडल्यावर वरच्या आणि खालच्या दातांत किती अंतर पडतं ते, आणि त्यानंतर चौतीस प्रश्न. हीच मुलं, हेच प्रश्न, दरवर्षी. मुलं मोठी होतील तसं काय बदलतं ते बघायचं, असं काम होतं. आम्हाला वाटलं, तास बुडाला, चांगलं झालं. हे प्रकरण आपल्या डोक्याचे केस पांढरे होईपर्यंत चालणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी रांगेतून पळून गेलो असतो.

बारा वर्षांनी प्राध्यापक निवृत्त झाले, कामासाठी येणारा निधी थांबला, आणि बाईंना कॉलेजच्या ग्रंथालयात बसवलं. तिथं कुणीही शहाण्या माणसानं वह्या कपाटात ठेवून कुलूप लावलं असतं. बाईंनी कॉलेजकडून लेखी परवानगी घेतली आणि रविवार धरले. प्रत्येकाचा रविवार ठरलेला. माझा दिवाळीनंतरचा पहिला. आता दिवाळीनंतरचा पहिला रविवार म्हणजे घरात पाहुणे, नाही तर आम्ही सासुरवाडीला निघालेले. मी किती वेळा म्हणालो, बाई, डिसेंबरात या की. त्यांचं उत्तर एकच, आमच्याकडच्या बायकांच्या 'आलो-गेलो'च्या बोलीत. "दिवाळीचं खाऊन तुझं वजन दरवर्षी जेवढं वाढतंय तेवढंच वाढू दे. डिसेंबरात आलो तर दिवाळी न्हाय खाल्ली असं दिसंल." मी आकड्यातला माणूस. मला हे पटायचं, आणि पटलं म्हणूनच जास्त राग यायचा.

आणि ते प्रश्न! तिसरा प्रश्न, "घरात रेडिओ आहे का?" आम्ही टीव्ही घेतला, मोबाईल घेतले, पोरगी पुण्याला कंप्युटर शिकायला गेली, तरी बाई विचारतायत, घरात रेडिओ आहे का. मी एकदा वैतागून म्हणालो, "बाई, हा प्रश्न काढा की आता. लोक हसतात." त्या मान वर न करता म्हणाल्या, "हसू देत की. हाय का न्हाय ते सांग." एक शब्द इकडचा तिकडं करायच्या नाहीत. प्रश्नाची चाल बदलली तर उत्तर माणसामुळं बदललं की चालीमुळं, हे कसं कळणार, हा त्यांचा मुद्दा. दुसऱ्यानं उत्तर दिलेलंही चालायचं नाही. स्वयंपाकघरातून माझी बायको वैशाली काही बोलली, की बाई हात वर करायच्या, "पोरी, तुझं बरोबर असंल. पण बावन्न तू न्हाईस."

मी तीनदा घर बदललं. तिन्ही वेळा मुद्दामच बाईंना कळवलं नाही, हे आता सांगायला हरकत नाही. तिन्ही वेळा दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, साडेचारच्या सुमाराला, खाली गाडी थांबल्याचा आवाज आला आणि वजनकाटा खांद्याला लावून बाई जिना चढून आल्या. "काय बावन्न, हाईस व्हय घरात?" मी विचारलं, पत्ता कुणी दिला. तर त्यांनी पहिल्याच वर्षी प्रत्येकाच्या कार्डामागं एक जागा लिहून ठेवली होती, जिथं त्या माणसाचा ठावठिकाणा नेहमी कळेल अशी. माझ्या कार्डामागं आमच्या तालमीचं नाव होतं. मी घर कुठंही घेऊ दे, पेठेचा फुटबॉलचा सामना असला की तालमीत येणारच, हे त्यांनी मी दहा वर्षांचा असताना ओळखलं होतं. आमच्या वर्गातली एक मुलगी गारगोटीला दिली, तर बाई वजनकाटा घेऊन एसटीनं गारगोटीला. तरी माणसं कमी होत गेली. कुणी परगावी गेलं, कुणी दार उघडेनासं झालं, काही वारले. एकशे अठरातले शेवटी त्रेचाळीस उरले. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. म्हणालो, "बाई, उरलेत ते सगळे जागेवरचे, नीटनेटके लोक. बिघडलेले आधीच गेले. तुमच्या आकड्यांना आता अर्थ काय?" बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणून तर तुला सोडत न्हाय," म्हणाल्या. "तू कुठं नीटनेटका हाईस?"

त्या असं का म्हणाल्या, ते मला माहीत होतं. आता मूळ गोष्टीकडं येतो.

मी तेविसाव्या वर्षी फौंड्रीत लागलो आणि पहिल्या महिन्यातच मावा खायला लागलो. सुपारी, तंबाखू, चुना, हातावर मळून गालात. भट्टीपाशी उभं राहणारे सगळेच खायचे. घरी माहीत नव्हतं, निदान मी तसं समजत होतो. आणि बाईंचा सत्ताविसावा प्रश्न होता, "तंबाखू, सुपारी किंवा तत्सम काही चघळता का?" त्या वर्षी मी "नाही" म्हणालो. वडील शेजारी बसले होते. पुढच्या वर्षी वडील शेजारी नव्हते, तरी "नाही" म्हणालो, कारण मागच्या वर्षी "नाही" म्हणालो होतो. असं करत तेवीस वेळा. ज्या माणसानं कास्टिंगमध्ये अर्धा मिलिमीटर फरक असला तर आख्खा लॉट परत पाठवला, त्यानं स्वतःबद्दल तेवीस वेळा खोटं सांगितलं. बाई तो प्रश्न विचारताना नेहमी कार्डाकडं बघायच्या, माझ्याकडं नाही. मला वाटायचं, बरंय, यांचं लक्ष नाही.

पण पट्टीचं लक्ष होतं. तिशीत माझं तोंड सत्तेचाळीस मिलिमीटर उघडत होतं. छत्तिसाव्या वर्षी पंचेचाळीस. चाळिशीला एकेचाळीस. मग छत्तीस, पस्तीस, चौतीस, बत्तीस. कटवडापाव चावायला जड जाऊ लागला. तांबड्या रश्शाचा भुरका मारला की गालांच्या आतून आग उठायची. मी पांढऱ्यावर आलो आणि घरात सांगितलं, पित्त झालंय. कोल्हापूरच्या माणसानं तांबडा सोडला तर घरच्यांना संशय येणारच. वैशाली बघत राहायची, बोलायची नाही.

मी काय केलं? मी पट्टीवर शंका घेतली. बाईंकडं सहा इंची पिवळी प्लॅस्टिकची पट्टी होती, पहिल्या दिवसापासूनची. दरवेळी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पुसून तिच्यावरचे आकडे फिके झाले होते आणि शून्याकडचं टोक घासलं होतं. मी म्हणालो, "बाई, पट्टी घासलीय तुमची. म्हणून माझा आकडा कमी येतोय." बाई म्हणाल्या, "एकावन्नचा का येत न्हाय कमी? पट्टी तीच हाय. तोंड कुणाचं हाय ते बघ." मी हटलो नाही. कंपनीतून तपासणीचा दाखला असलेली स्टीलची पट्टी आणून दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून नीट बघितली, "लई चांगली हाय" म्हणाल्या, पिशवीत ठेवली, आणि पुढच्या वर्षी परत तीच पिवळी पट्टी काढली. मी इतका चिडलो की त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही. वैशालीनं विचारला. बाई जैन, दिवेलागणीच्या आत जे काय ते घ्यायच्या. म्हणून आधी मापं, मग प्रश्न, मग वही बंद करून चहा, हा क्रम कधी बदलला नाही.

वही बंद झाली की बाई वेगळ्या व्हायच्या. आकडा छत्तीस आला त्या वर्षी चहा पिऊन झाल्यावर त्यांनी एक चिठ्ठी लिहून माझ्यापुढं सरकवली. दातांच्या डॉक्टरांसाठी. "ह्यो सर्व्हे न्हाय आता. तुझी बाई म्हणून सांगतो. जाऊन दाखवून ये." मी म्हणालो, "मला काही झालेलं नाही, आणि मला यातून बाहेर पडायचंय. पुरे झालं." मला वाटलं, विनवणी करतील. त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. "हक्क हाय तुझा. कारण लिवायची गरज न्हाय. हितं सही कर." आता यावर माणसानं काय भांडायचं? मी कागद हातात धरून बसलो. बाईंनी वजनकाटा उचलला, "घाई न्हाय. सही झाली की तालमीत ठेव," म्हणाल्या आणि गेल्या. मी सही केली नाही. कागद आणि चिठ्ठी दोन्ही टेबलाच्या खणात टाकले. पुढच्या वर्षी दुसरी चिठ्ठी आली. अशा पाच चिठ्ठ्या आहेत.

पहिल्या चिठ्ठीच्या आदल्या वर्षी, साथीच्या टाळेबंदीत, त्या येऊ शकल्या नाहीत. मी म्हटलं, मी स्वतः मोजतो, माझ्याकडं त्यांच्यापेक्षा शंभरपट चांगली साधनं आहेत. आरशासमोर व्हर्नियर लावला, आकडा आला अडतीस, आणि व्हॉट्सॲपवर मी कळवला एकेचाळीस, म्हणजे मागच्याच वर्षीचा. बाईंचं उत्तर आलं, "मी बघितलं न्हाय. मोकळं ठेवतो." मी फोन करून आरडाओरडा केला की माझ्यावर विश्वास नाही का. त्या म्हणाल्या, "विश्वासाचा प्रश्न न्हाय, बावन्न. मी तिथं नव्हतो, एवढंच." छत्तीस वर्षांत माझ्या कार्डावर तेवढीच एक रिकामी जागा आहे. ती रिकामी राहिली म्हणून मी तेव्हा आठवडाभर धुसफुसत होतो. आज तिचा मला सगळ्यांत जास्त आधार वाटतो. निदान तिथं तरी माझं खोटं नाही.

या दिवाळीनंतर आल्या तेव्हा जिन्यात दोनदा थांबल्या. मी वजनकाटा घ्यायला खाली गेलो तर दिला नाही. "हलवू नगंस, बिघडंल." पट्टी लावली. एकतीस. त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला, नेहमीसारखा, लिहिला, आणि प्रश्न सुरू केले. सत्ताविसावा आला. खाली बघत विचारला. मी या वेळी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो, दिवाळीच्या आधीपासून ठरवलं होतं. वैशाली आत भांडी लावत होती. तिचा आवाज एकदम थांबला. ती ऐकतेय हे मला कळलं, आणि मी म्हणालो, "नाही." बाईंनी लिहिलं. जाताना दारात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लवकर येतो जरा. जिना लई हाय तुझा." मी म्हणालो, "लवकर कसं? रविवार ठरलाय ना?" पहिल्यांदाच मी त्यांना नियम सांगितला. त्या हसल्या, आणि मीही हसलो. पुढच्या वर्षी सांगू, असं मनात म्हणालो.

पंधरा दिवसांनी बाईंच्या धाकट्या बहिणीनं मला आणि अल्ताफला कळंब्याच्या खोलीवर बोलावलं. एक पलंग, एक खुर्ची, एक लोखंडी कपाट. "अक्कानं सगळं लिहून ठेवलंय," बहीण म्हणाली. नावांची यादी एका पेटीत, आकड्यांची कार्डं दुसऱ्या. नावं कुणालाच द्यायची नाहीत. आकडे, नावांशिवाय, कॉलेजला. आणि प्रत्येकासाठी एक बंद पाकीट, त्यात ज्याच्या त्याच्या कार्डाची नक्कल. त्रेचाळीस पाकिटं, नंबर टाकलेली. आम्हाला आमची दिली. मग बहीण म्हणाली, "हे आणि एक हाय," आणि एक लांबट लिफाफा पुढं केला. त्यावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, "पट्टी. बावन्नला द्यावी. त्याला शंका आहे."

अल्ताफ हसला. मला हसू येईना. म्हणजे जाता जाताही टोमणा मारून गेल्या, असं वाटून मी तिथंच लाल झालो.

घरी येऊन कार्ड उघडलं. सगळ्यांत खाली बारीक अक्षरात एक टीप होती. "बावन्नच्या शंकेवरून जुनी पट्टी त्याने दिलेल्या पट्टीशी ताडली. जुनी एक मिमी जास्त दाखवते. जुनीच वापरली. कुणाला खरे माप हवे असल्यास एक वजा करावा." जास्त. कमी नाही, जास्त. शून्याकडून घासलेली पट्टी आकडा वाढवून दाखवते, हे आमच्याकडं कामाला लागल्याच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी पंधरा वर्षं ते दुसऱ्यांना शिकवतोय. बाईंशी भांडतानाही मला ते माहीत होतं. म्हणजे माझे एकतीस खरे तीसच होते.

मग रकाने बघितले. प्रत्येक नोंदीपुढं बाईंनी एक खूण केली होती. "पा." म्हणजे पाहिलं, "सां." म्हणजे सांगितलं. एका वर्षी उंचीपुढं लिहिलंय, "डावा पाय लंगडत, पेठेचा सामना, पा." रेडिओ, "नाही, सां." आणि तेविसाव्या वर्षापासून दरसाल शेजारी शेजारी दोन रकाने. "चघळणे: नाही, सां." "दातांवर डाग: आहेत, पा." तेवीस वेळा. कुठं प्रश्नचिन्ह नाही, खाली रेघ नाही, एका शब्दाचा शेरा नाही. माझं म्हणणं माझ्या जागी लिहिलं, त्यांनी पाहिलेलं त्यांच्या जागी लिहिलं, आणि दोन्ही तसंच ठेवून दिलं. चिडायला तरी काही ठेवायचं होतं! मी कार्ड वैशालीपुढं ठेवलं. तिनं वाचलं, आणि एवढंच म्हणाली, "मला तर कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी पाचही चिठ्ठ्या घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी धातूचं माप लावलं. तीस. गालाच्या आतला लहानसा तुकडा तपासायला घेतला. त्याचा निकाल वाईट नाही, पण चांगलाही म्हणता येत नाही. मावा आजपासून बंद, रोज दातांत लाकडी काड्या बसवून तोंड ताणायचं, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं. डॉक्टरांनी विचारलं, "चार वर्षांपूर्वीची चिठ्ठी आत्ता आणलीत?" मी म्हणालो, "पट्टीवर शंका होती." त्यांना काही कळलं नाही.

गेल्या रविवारी कार्ड आणि पट्टी घेऊन मी अल्ताफच्या दुकानात गेलो. त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. म्हणालो, "मला दुरुस्ती करायचीय. तेवीसच्या तेवीस." तो म्हणाला, "येडा हाईस का? बाईंनी खोडाखोड चालू दिली असती व्हय?" आणि मग माझं मलाच कळलं. तेवीस वेळा मी "नाही" सांगितलं, ही नोंद अगदी बरोबर आहे. चूक नोंदीत नव्हतीच. ती खोडायला गेलो असतो तर ते आणखी एक खोटं झालं असतं. आता करता येण्यासारखं एकच होतं. नक्कल माझी होती. तिच्यात खाली नवी ओळ, आजची तारीख घालून. आणि ती मी लिहायची नाही. दुसऱ्यानं बघायचं, दुसऱ्यानं विचारायचं, मी सांगायचं.

अल्ताफनं हातातली कात्री ठेवली, पट्टी स्पिरिटनं पुसली, माझ्या तोंडात लावली, आणि बाईंसारखंच मोठ्यानं वाचलं, "एकतीस." मी म्हणालो, "एक वजा—" "गप," तो म्हणाला, "एकतीस." लिहिलं. मग पहिल्यापासून प्रश्न. तिसरा आल्यावर म्हणाला, "घरात रेडिओ हाय का?" मी म्हणालो, "न्हाय रे बाबा." "सां.," त्यानं लिहिलं. गिऱ्हाईक आलं, त्याला बसायला सांगितलं. सव्वीस झाले. सत्ताविसावा वाचताना त्यानं मान खाली घातली, कार्डाकडं बघत राहिला. बाई तशाच बसायच्या. त्यांचं लक्ष नसायचं म्हणून नव्हे, मला सांगायला सोपं जावं म्हणून, हे मला सव्वीस प्रश्नांनंतर आणि छत्तीस वर्षांनंतर, फोमच्या गठ्ठ्यावर बसून समजलं...

"व्हय," मी म्हणालो. "खात होतो. तेविसाव्या वर्षापासनं. सतरा दिवस झालं बंद हाय."

अल्ताफनं "होय" लिहिलं, पुढं "सां." लिहिलं, आणि पेन उचलून थांबला. तेवीस वर्षं हा माझ्याबरोबर त्याच टपरीवर उभा राहिलेला माणूस. मी म्हणालो, "थांबलास का? पुढं 'पा.' पण लिही की. तू बघितलंयस."

पिवळी पट्टी आता माझ्या खणात आहे, त्या सही न केलेल्या कागदावर ठेवलेली. रोज सकाळी तोंडात काड्या बसवताना ती लावून बघायचा मोह होतो. लावत नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी अल्ताफ येईल तेव्हाच काढायची. टोक घासलंय, पण नवी आणायची नाही.